क्लिनिकल ट्रायल शोधताना: माझे चौदा महिने

१३ मार्च २०२५ ला शेवटचा फोन झाला आणि माझा ट्रायलमधला, म्हणजे नव्या औषधाच्या माणसांवरच्या चाचणीतला, सहभाग संपला. शोधायला बसले होते ११ जानेवारी २०२४ ला. म्हणजे सगळे मिळून चौदा महिने, आणि त्यातले औषध किंवा प्लासिबो (दिसायला औषधासारखं, पण आत औषध नसलेलं) प्रत्यक्ष घेण्याचे फक्त बारा आठवडे. बाकीचा काळ शोधण्यात, वाट बघण्यात, एकदा अपात्र ठरण्यात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्यात गेला. या वाटेवर पुढे काय येणार ते सांगणारं मला कोणी भेटलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मला अर्धशिशी आहे. एकोणिसाव्या वर्षी सुरू झाली, आता मी अडतीस वर्षांची आहे. गेली सहा वर्षं प्रोप्रॅनोलॉल घेते. ते मुळात हृदयरोगासाठी तयार झालेलं औषध. छातीत दुखतं म्हणून ते घेणाऱ्यांची अर्धशिशीही कमी होते, हे १९६६ च्या सुमारास डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि तेव्हापासून ते आमच्याकडे आलं. अर्धशिशीत वाढणाऱ्या सीजीआरपी नावाच्या पदार्थावर नेम धरून बनवलेलं पहिलं प्रतिबंधक औषध, एरेनुमॅब, अमेरिकेत मंजूर झालं ते मे २०१८ मध्ये. त्याआधी त्याच्या चाचण्यांत शेकडो लोकांनी महिनोन्‌महिने रोज संध्याकाळी बसून आपल्या डोकेदुखीची नोंद केली होती. कधीतरी त्या नोंदी करणाऱ्यांत आपणही असावं, असं मला मनापासून वाटत होतं. आपल्याला नवं औषध मिळेल ही आशाही होती, नव्हती म्हणणं खोटं ठरेल. या दोन इच्छा वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत करायची नाही, हे मला पुढे कळलं.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. सर्चमध्ये सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक केलं आणि समोर आलेला फॉर्म भरून टाकला: नाव, फोन, वय, आजार, चालू औषधं. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. तीन वेगवेगळ्या लोकांनी मला ‘उत्तम संधी’बद्दल सांगितलं. अभ्यासाचा नोंदणी क्रमांक विचारला तर एकालाही देता आला नाही. एका ठिकाणी तर ट्रायलमध्ये येण्यासाठी शुल्क भरावं लागेल असं सांगितलं. मी फोन ठेवला, पण अर्ध्या मनाने. काय सांगावं, खरंच चांगलं काही असलं तर, असंही वाटून गेलं.

त्या आठवड्यात माझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, तेव्हा त्यांना विचारलं. ते म्हणाले, “ज्या अभ्यासाचा नंबर नाही त्याच्याशी बोलायचं नाही. आणि प्रयोगातल्या औषधाचे पैसे मागितले तर आधी मला फोन करायचा.” मग त्यांनी २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेली हकीकत सांगितली. फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये तीन स्त्रियांनी पैसे भरून डोळ्यांत स्टेम सेलची इंजेक्शनं घेतली होती. आपण संशोधनात भाग घेतोय असं त्यांच्यातल्या काहींना वाटत होतं, कारण त्या क्लिनिकच्या नावाने एक अभ्यास सरकारी संकेतस्थळावर दिसत होता. तिघींच्याही दृष्टीचं गंभीर नुकसान झालं. म्हणजे नंबर हवाच, पण नुसता नंबर पुरेसा नाही. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर तसं स्पष्ट लिहिलेलंही आहे, आपण ते वाचत नाही इतकंच.

हे संकेतस्थळ २००० साली सुरू झालं, अमेरिकेचं राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय, म्हणजे नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन, ते चालवतं. त्यात इतर देशांतलेही अभ्यास असतात. प्रत्येकाला एनसीटी आणि पुढे आठ आकडे असा क्रमांक असतो. भारताची स्वतःची नोंदणी म्हणजे सीटीआरआय, २००७ पासूनची. इतरही बऱ्याच देशांच्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीटीआरपी नावाचं पोर्टल या वेगवेगळ्या नोंदण्या एकत्र शोधू देतं. सुरुवात तिथून करायला हरकत नाही, पण तपशील वाचायला मूळ नोंदणीवरच जावं. तिथली माहिती जास्त ताजी असते.

या नोंदण्या आहेत याचं मला खूप मोल वाटतं. पूर्वी एखाद्या अभ्यासाचा निकाल मनासारखा आला नाही तर तो सरळ कपाटात जायचा, बाहेर कोणाला पत्ताही लागायचा नाही. सप्टेंबर २००५ पासून प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी नियम लागू केला: आधी नोंदणी नसेल तर शोधनिबंध छापणार नाही. त्यानंतर नोंदणी करणाऱ्यांची रीघ लागली. आज घरी बसून आपण जे शोधू शकतो, ते त्यामुळे.

आता प्रत्यक्ष शोधण्याबद्दल. ‘मायग्रेन’ टाकल्यावर आलेली यादी बघून मी पहिल्या दिवशी लॅपटॉप बंदच केला होता, इतकी ती लांब. दुसऱ्या दिवशी फक्त ‘रिक्रूटिंग’, म्हणजे सध्या भरती चालू असलेले अभ्यास निवडले. मग वय, मग अंतर. मला एका दिशेने दोन तास प्रवास झेपणार होता. त्यापुढे जाऊ नये असं माझं मत आहे. प्रवासानेच डोकं दुखणाऱ्या माणसाने तर नाहीच. या चाळणीतून नऊ अभ्यास उरले. त्यातले चार झटका आल्यावर घ्यायच्या औषधांचे होते, मला झटके टाळण्याच्या औषधाचा हवा होता. उरले पाच.

इथे एक सवय लावून घ्या, बराच वेळ वाचेल: सहभागासाठीचे निकष वाचताना ‘कोण चालणार नाही’ हा भाग आधी वाचा. ‘कोण चालेल’ ही यादी वाचली की प्रत्येक अभ्यास आपल्यासाठीच काढलाय असं वाटतं. खालची यादी वाचली की खरं काय ते कळतं. एकात आधी तीनपेक्षा जास्त प्रकारची प्रतिबंधक औषधं निकामी ठरलेले लोक नको होते. माझी चार झालेली. तो गेला. एका अभ्यासाला महिन्याला १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी असणारे हवे होते, माझे दिवस त्याहून कमी. राहिले तीन.

दुसरी गोष्ट, पानावर शेवटचा बदल कधी झाला ती तारीख बघा. अभ्यास एकूण ‘भरती चालू’ दाखवत असला तरी प्रत्येक केंद्राची स्थिती वेगळी असू शकते. आपल्या जवळचं केंद्र बंद झालेलं असतं आणि दुसऱ्या देशातलं चालू असतं. माझ्या तिनातल्या एका पानावर आठ महिन्यांत काही बदललेलं नव्हतं. तरी मी पत्र लिहिलं. उत्तर आलं की भरती केव्हाच पूर्ण झाली.

२ फेब्रुवारीला तीन ईमेल पाठवले. दहा ओळींचं एकच पत्र: अभ्यासाचा क्रमांक, माझं वय, निदान कधी आणि कोणी केलं, महिन्याला साधारण किती दिवस त्रास, चालू औषधं डोससकट, आधी बंद केलेली औषधं आणि का बंद केली, इतर आजार, फोन कधी करता येईल. आजाराची कहाणी लिहिली नाही. पहिला मसुदा चांगला दीड पानांचा होता, माझ्या बहिणीने तो वाचून म्हटलं, “ताई, हे सगळं त्यांना नंतर सांग.” तिचं बरोबर होतं. एकाचं उत्तर सोळा दिवसांनी आलं, एकाचं ते वर सांगितलेलं, आणि तिसऱ्याचं आजतागायत आलेलं नाही. या सोळा दिवसांत मी रोज मेल उघडून बघत होते. कोऑर्डिनेटर म्हणून, म्हणजे अभ्यासाचं रोजचं काम आणि सहभागींशी संपर्क सांभाळण्याचं, काम करणाऱ्या माणसाकडे एका वेळी अनेक अभ्यास असतात हे मला नंतर समजलं. दहा दिवसांनी एक नम्र आठवण पाठवायला काहीच हरकत नव्हती.

२७ फेब्रुवारीला फोनवर प्राथमिक चौकशी झाली, पंचवीस मिनिटं. प्रश्न नेमके होते. किती तास दुखतं, एका बाजूला दुखतं का, चालल्यावर वाढतं का, मळमळ होते का, उजेड आणि आवाज सहन होतात का. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अर्धशिशीची जी व्याख्या आहे तिच्यातलेच हे प्रश्न. मग मुद्दा आला प्रोप्रॅनोलॉलचा. त्या अभ्यासात कुठलंही प्रतिबंधक औषध चालू असलेलं चालणार नव्हतं, ते बंद होऊन निदान आठ आठवडे झालेले हवे होते. मी उत्साहात म्हणून गेले, “मग मी उद्यापासून बंद करते.”

“नाही मॅडम,” कोऑर्डिनेटर एकदम गंभीर आवाजात म्हणाल्या, “आमच्यासाठी एकही गोळी बंद करायची नाही. आधी तुम्ही संमतीपत्र वाचणार, प्रश्न विचारणार, पटलं तर सही करणार. त्यानंतर तुमचे डॉक्टर सांगतील तसं. आणि हे औषध एकदम थांबवायचं नसतंच.”

माझा त्या अभ्यासावरचा विश्वास बसला तो या वाक्याने. तुम्हाला कोणी सहीआधीच औषधं बंद करायला सांगितली तर तिथे थांबा.

संमतीपत्र ईमेलने आलं, २४ पानं. मी ते तीन बैठकांत वाचलं, पेन्सिल घेऊन. पहिल्यांदा वाचताना भीती वाटली, कारण दुष्परिणामांची यादी एका जागी वाचायची आपल्याला सवय नसते. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की सगळ्यात महत्त्वाची ओळ सातव्या पानावर आहे: या सहभागातून तुम्हाला वैयक्तिक फायदा होईलच असं नाही. ही ओळ मी वहीत उतरवून घेतली. डॉक्टर, नर्स, तपासण्या, इंजेक्शन असं सगळं समोर असलं की आपल्यावर उपचार चाललेत असंच मन धरून चालतं. पण तिथे चाललेला असतो एका प्रश्नाचा शोध. तुम्ही कुठल्या गटात जाणार हे संगणक ठरवतो आणि ते तुमच्या डॉक्टरांनाही माहीत नसतं.

बहिणीचा विरोध होता. तिने २००६ ची लंडनची घटना वाचली होती. टीजीएन १४१२ नावाचं औषध माणसात पहिल्यांदाच दिलं गेलं आणि काही तासांत सहा निरोगी तरुणांचे अवयव निकामी व्हायला लागले. सहाही जण वाचले, पण महिनोन्‌महिने भोगलं. मी तिला टाळलं नाही. हे खरंच घडलं आहे आणि त्यानंतरच अशा पहिल्या चाचण्यांत सगळ्यांना एकाच दिवशी डोस न देता आधी एकाला देऊन वाट बघायची खबरदारी पक्की झाली. तिला मी टप्प्यांमधला फरक दाखवला. पहिल्या टप्प्यात थोडे लोक, बहुधा निरोगी, आणि प्रश्न सुरक्षिततेचा. दुसऱ्यात त्या आजाराचे रुग्ण, शेकड्याच्या घरात. तिसऱ्यात शेकडो ते हजारो, आणि तोवर आधीच्या टप्प्यांची माहिती हाताशी. माझा अभ्यास तिसऱ्या टप्प्याचा होता. ती पूर्ण शांत झाली नाही, पण म्हणाली, “सही करायला जाशील तेव्हा मी बरोबर येणार.” आली, आणि तिनेच सगळ्यात चांगला प्रश्न विचारला: मध्यरात्री हिला काही झालं तर फोन कोण उचलणार? त्यांनी चोवीस तास चालणारा नंबर असलेलं कार्ड दिलं, आणि तिने तिथेच बसून तो लावून बघितला. उचलला गेला.

माझे प्रश्न वेगळे होते. इजा झाली तर उपचारांचा खर्च कोण करणार, नुकसानभरपाई आहे का आणि कुठल्या पानावर लिहिली आहे. मधेच सोडलं तर माझ्या आधी घेतलेल्या रक्ताचं आणि माहितीचं काय होणार. नाव कुठे कुठे जाणार. अभ्यास संपल्यावर औषध मिळत राहील का. (नाही.) कुठल्या गटात होते ते मला सांगणार का. (सगळ्यांचा सहभाग संपून माहितीच्या नोंदी कायमच्या बंद झाल्यावर.) नैतिकता समितीचा, म्हणजे सहभागींच्या हिताकडे बघणाऱ्या स्वतंत्र समितीचा, संपर्क वेगळा दिलेला असतो, तो जपून ठेवा. तक्रार असेल तर ती अभ्यास करणाऱ्यांकडेच करावी लागत नाही.

२१ मार्चला सही केली. तारीखही स्वतःच्या हाताने घालायची असते. एक प्रत आपल्याला मिळते.

मग औषध उतरवत आणणं सुरू झालं, माझ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि ६ एप्रिलला ते पूर्ण बंद झालं. पुढचे आठ आठवडे कठीण गेले. एप्रिलमध्ये सहा दिवस, मेमध्ये आठ. झटका आल्यावर सुमाट्रिप्टान घ्यायची परवानगी होती, पण ते महिन्यात दहा किंवा जास्त दिवस घेत राहिलं तर औषधामुळेच डोकेदुखी वाढू शकते, म्हणून मोजून घेत होते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात अंधाऱ्या खोलीत पडलेली असताना दोनदा मनात आलं, सोडून द्यावं. सोडायचा हक्क होता, कारणही द्यावं लागलं नसतं. सोडता येतं हे माहीत असल्यानेच मी टिकले असं आता वाटतं.

४ जूनला तपासणीचा दिवस, पाच तास. रक्ताच्या सहा नळ्या, लघवी, ईसीजी, झोपून आणि उभं राहून रक्तदाब, गर्भधारणेची चाचणी (ती पुढेही दर भेटीला होते, आणि अभ्यासभर गर्भनिरोधक वापरण्याची लेखी हमी द्यावी लागते), मनःस्थितीबद्दलची लांब प्रश्नावली. पाण्याची बाटली, खायला काहीतरी, जुन्या चिठ्ठ्या आणि औषधांची पाकिटं बरोबर न्या. ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा सांगितली होती, पूर्ण दिवस गेला. प्रवासखर्च पावत्या दिल्यावर मिळाला, पण सात आठवड्यांनी. रजेची भरपाई नसते. संपूर्ण चौदा महिन्यांत माझ्या नऊ रजा गेल्या, हा माझा खरा खर्च.

दुसऱ्या दिवसापासून २८ दिवसांची डायरी. फोनमधलं ॲप रोज रात्री आठला वाजायचं: आज डोकं दुखलं का, किती वाजता सुरू, किती वाजता संपलं, किती तीव्र, कुठे, मळमळ, उजेड, आवाज, कोणती गोळी. या २८ दिवसांत अर्धशिशीचे किमान चार आणि जास्तीत जास्त चौदा दिवस भरायला हवे होते. मेमध्ये आठ झालेले, त्यामुळे चाराची मला काळजीच नव्हती.

जून शांत गेला. ८ तारखेला एक झटका, १५ ला एक, २३ ला एक. बस. ३० जून, सव्विसावा दिवस, रविवार. दुपारपासून डोकं जड होतं, कपाळावर दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखं. मळमळ नाही, उजेडाचा त्रास नाही, जिने चढले तरी वाढलं नाही. हे काय आहे ते मला एकोणीस वर्षांच्या सवयीने माहीत होतं: ताणाची डोकेदुखी. रात्री आठला ॲप वाजलं. ‘मळमळ होती का?’ खाली दोन चौकोन, ‘हो’ आणि ‘नाही’. एक चौकोन दाबला की चार दिवस पूर्ण. कोणाला कळणार नव्हतं. दोन महिने विनाऔषध काढले होते. मी फोन उपडा ठेवून स्वयंपाकघरात जाऊन आले. परत येऊन पुन्हा तोच प्रश्न वाचला. माझ्या आधी ज्यांनी डायऱ्या भरल्या त्यांच्यातल्या प्रत्येकाने एकेक चौकोन असा दाबला असता, तर आज मी ज्या औषधावर आशा ठेवते आहे त्याचा आकडा कशावर उभा राहिला असता? ‘नाही’ दाबलं. त्यानंतर मी रडले, हेही लिहून ठेवते.

५ जुलैला फोन आला. “सॉरी मॅडम, स्क्रीन फेल्युअर.” कागदावरचा शब्द हाच आहे, आणि तो लागतो. आपणच नापास झालो असं वाटतं. त्याचा अर्थ एवढाच की या अभ्यासाच्या मापात हा महिना बसला नाही.

८ जुलैला डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल परत सुरू केलं. मी चिडून विचारलं, एप्रिल-मेमध्ये इतका त्रास आणि नेमक्या जूनमध्ये कसं काय बरं वाटलं? ते म्हणाले, “समजा १ जूनपासून मी तुम्हाला एखादी नवी गोळी दिली असती. तर आज तुम्ही काय म्हणाला असतात?”

मी म्हणाले असते, काय सुंदर गोळी आहे. आठाचे तीन झाले. शपथेवर सांगितलं असतं सगळ्यांना.

अर्धशिशी अशीच वरखाली होते. वाईट महिन्यात माणूस मदत शोधतो, आणि वाईटानंतर बहुतेक वेळा त्यापेक्षा बरा महिना येतोच. मग जे काही त्या वेळी चालू असेल त्याला श्रेय जातं. २८ दिवसांची डायरी का, प्लासिबोचा गट का, चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी का, हे २४ पानं वाचून जितकं कळलं नव्हतं तितकं त्या दिवशी खुर्चीत बसून कळलं. दोन महिने वाया गेले ही माझी खंत त्यानंतर बरीच कमी झाली. गेली असं म्हणणार नाही.

दुसऱ्यांदा शोधायला मी ऑगस्टमध्ये बसले आणि या वेळी दोन संध्याकाळींत काम झालं. एक अभ्यास एक प्रतिबंधक औषध चालू असलेल्यांनाही घेत होता, फक्त डोस तीन महिने न बदललेला हवा. माझे तीन महिने ८ ऑक्टोबरला भरत होते. तारखेसकट तसं लिहिलं. चार दिवसांत उत्तर आलं. स्क्रीन फेल्युअरची गोष्ट मी आपणहून सांगितली. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, उलट डायरी किती नियमित भरली होती तेवढंच विचारलं.

नवं संमतीपत्र १९ पानांचं. २२ ऑक्टोबरला सही आणि तपासण्या. हेलसिंकीचा जाहीरनामा, म्हणजे १९६४ पासून माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक चौकट मानला जाणारा दस्तऐवज, त्याच महिन्यात सुधारला गेला, आणि त्यात आमच्यासारख्यांसाठी ‘प्रयोगाचा विषय’ अशा अर्थाचा जुना शब्द जाऊन ‘सहभागी’ हा शब्द आला. मला ही बातमी कोऑर्डिनेटरनेच सांगितली. माझ्या हातातल्या कागदावर तो शब्द आधीपासूनच होता.

२३ ऑक्टोबर ते १९ नोव्हेंबर पुन्हा डायरी. या वेळी सहा दिवस. २१ नोव्हेंबरला वाटणी झाली आणि पहिलं इंजेक्शन मिळालं. त्यानंतर १९ डिसेंबर आणि १६ जानेवारीला एकेक, आणि १३ फेब्रुवारीला शेवटची तपासणी. या काळाबद्दल सांगण्यासारखं कमी आहे, कारण सगळं आखलेलं असतं. डिसेंबरात मला सर्दी झाली, ती सांगायला विसरले. पुढच्या भेटीत सहज बोलण्यात आलं तर नर्सने लगेच फॉर्म काढला. कधीपासून, किती दिवस, काय घेतलं. “सर्दीसुद्धा सांगायची. काय कशामुळे झालं ते नंतर बघतील, तुम्ही फक्त सांगा,” असं त्यांनी बजावलं. तेव्हापासून वहीत मागच्या पानावर मी सगळं लिहायला लागले, पायात आलेला गोळासुद्धा.

आणि एक. इंजेक्शनच्या जागी लाली आली की मन अंदाज बांधायला लागतं: मला खरंच औषध मिळतंय बहुतेक. तो अंदाज घरात बोलू नका आणि शक्यतो स्वतःशीही करू नका, कारण रात्री डायरी भरताना तो हाताशी येऊन बसतो. मी माझ्या आकड्यांची बेरीज करायची नाही असं ठरवलं होतं. तो नियम १३ फेब्रुवारीपर्यंत पाळला.

निरोगी असाल, किंवा दुर्मीळ आजार असेल, तर वाट थोडी वेगळी. निरोगी लोकांना बहुतांशी पहिल्या टप्प्यात घेतात, तिथे मोबदला असतो आणि एका अभ्यासातून दुसऱ्यात जाताना ठरावीक अंतर ठेवावं लागतं. पैशासाठी ते अंतर लपवू नका, त्यात धोका तुमच्याच शरीराला आहे. दुर्मीळ आजारात त्या आजाराच्या रुग्णसंघटनांकडे आधी जावं, त्यांना नोंदणीच्याही आधी खबर असते. औषध नसलेले अभ्यासही असतात, नुसती निरीक्षणं, रक्ताचा एखादा नमुना, प्रश्नावली. पहिल्यांदाच जात असाल तर त्यापासून सुरुवात करणं मला जास्त योग्य वाटतं.

मी कुठल्या गटात होते ते अजून माहीत नाही. शेवटच्या फोनवर मी विचारलं, कधी कळेल? “शेवटच्या सहभागीचं काम संपल्यावर, आता नक्की तारीख सांगता येणार नाही,” असं उत्तर मिळालं, आणि निकालाचा सोप्या भाषेतला सारांश पाठवण्यासाठी त्यांनी माझा ईमेल पुन्हा एकदा तपासून घेतला. नोंदणीच्या पानावर आता ‘भरती चालू’च्या जागी ‘चालू, भरती बंद’ दिसतं. निकालाचा रकाना रिकामा आहे. अभ्यास पूर्ण होण्याची अपेक्षित तारीख तिथेच दिलेली असते. ती मी वहीत उतरवून घेतली आहे आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते पान उघडून बघायची आठवण फोनमध्ये लावून ठेवली आहे, रात्री आठची.